तीन फुल्या माफ

१० जानेवारी, बुधवार

ही वही मी ऑक्टोबरात घेतली. तेव्हापासून रोज ठरवतोय की उद्यापासून लिहायचं. ऑक्टोबरात पेन नव्हतं. नोव्हेंबरात पेन होतं, पण डोंगरातल्या दा लात शहराच्या थंडीत शाई उतरत नव्हती. डिसेंबरात शाई उतरायला लागली, तर माझी नोकरी गेली. गेली म्हणजे मीच सोडली. फक्त मालकीण आधी बोलली.

आज मात्र लिहिणं भाग आहे. आज आईशी करार झाला.

गेल्या वर्षी तेतला, म्हणजे नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी, मी रात्रीच्या बसने घरी आलो. बसवाल्याने मला घराच्या चार किलोमीटर पुढे उतरवलं. त्याला द्यायच्या शिव्या तोंडातच राहिल्या होत्या, त्या देत देत उंबरा ओलांडला. घरात पहिलं पाऊल माझं. ह्या पहिल्या पावलासाठी खाम काका दरवर्षी सहाच्या ठोक्याला येतात. मी सहाला पाच कमी असताना पोचलो. वर्षाचं पहिलं पाऊल ज्याचं, त्याच्या स्वभावासारखं घराचं वर्ष जातं, हे मला कुणी शिकवायला नको. पण त्यानंतर अकरा कोंबड्या मेल्या, तेलाच्या भट्टीची नळी तडकली, बाबांचा गुडघा गेला आणि धाकट्या सुओंगचं ठरलेलं लग्न मोडलं. सगळं माझ्या नावावर! कोंबड्यांना रोग झाला होता. नवरदेवाला दुसरी आवडली होती. पण नाही. विन्ह ओरडत आला म्हणून.

शिवाय येणारं वर्ष ड्रॅगनचं आणि माझा जन्म कुत्र्याच्या वर्षातला. दोघांचं पटत नाही.

आई म्हणाली, "राशीचं मी बघते, देवापुढे दोन उदबत्त्या जास्त लावीन. तुझ्या तोंडाचं काय?"

तर करार असा : उद्यापासून जुन्या वर्षाचा शेवटचा महिना लागतो. तीस दिवस माझा आवाज चढला नाही, तर यंदा पहिलं पाऊल माझं. आई मला आदल्या रात्री बाहेर पाठवणार, सकाळी मी मानाने आत येणार. आवाज चढला की सुओंग भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पानावर फुली मारणार. तीन फुल्या माफ. चौथी पडली की खाम काका.

मला काही फरक पडत नाही. फक्त वर्षभर फोनवर आई "जेवलास का" विचारायची, "कधी येतोस" विचारायची नाही. एवढंच. नोंद म्हणून लिहिलं.

माझ्याकडे शस्त्र आहे. दा लातच्या सुगंधी तेलांच्या दुकानात मी अकरा महिने काढलेत. निघताना मालकिणीने मला काही दिलं नाही, म्हणून मीच एक पेटी घेतली. बारा बाटल्या. लॅव्हेंडर मन शांत करतं, पुदिना बुद्धी लख्ख करतो, रोजमेरी स्मरणशक्ती वाढवते, संत्रं आनंद देतं. सोबत माहितीपत्रक. मी ते जवळजवळ अर्धं वाचलंय.

११ जानेवारी

शेड्यूल. ५:०० उठणे. ५:०५ पुदिना. ५:३० रोजमेरी, मग वाचन. ६:०० संत्रं. रात्री लॅव्हेंडर आणि आत्मपरीक्षण.

प्रत्यक्षात उठलो ८:४०. शेड्यूलमध्ये दोष नाही, अलार्ममध्ये आहे.

चहाच्या कपात पाणी आणि लॅव्हेंडर घातलं, खाली मेणबत्ती लावली. खोली दरवळली. बाबा भट्टीवरून आले, दारात थांबले. म्हणाले, "कपडे धुतेयस का गं?" आई नाही म्हणाली. बाबा म्हणाले, "मग साबण जळतोय."

तीस वर्षं एकच तेल काढणारा माणूस. त्रामच्या पानांचं. निलगिरीचा गावठी भाऊ. आमच्या हायवेवर ओळीने चाळीस दुकानं, चाळीसही दुकानांत तेच. बाळाच्या तळपायाला तेच, म्हाताऱ्याच्या छातीला तेच, बसमध्ये उलटी आली तरी तेच. जग कुठे गेलं, आणि आम्ही सर्दीतच.

शांत आहे. फुली नाही.

१३ जानेवारी

बुद्धी लख्ख करण्यासाठी पुदिन्याचा एक थेंब नाकपुडीत घातला. पाण्यात मिसळून हुंगायचा असतो, हे पत्रकाच्या दुसऱ्या अर्ध्यात आहे.

ओरडलो. ती वेदना होती, राग नव्हता. हे मी सुओंगला सविस्तर समजावलं. ती म्हणाली, "दादा, तू पत्रक छापणाऱ्याच्या आईपर्यंत पोचला होतास." फुली एक.

या अन्यायाबद्दल मी आईकडे दाद मागितली. दाद मागताना आवाज थोडा वर गेला असेल. सुओंग लगेच दुसऱ्या फुलीला पेन घेऊन उभी. आई म्हणाली, "एका दिवसाला एकच. नाहीतर महिना दुपारीच संपायचा."

ह्या घरात विनोद करतात. माझ्यावर.

१६ जानेवारी

कुत्रा. कुणाचा नाही. पिवळा, एका कानाचा अर्धा भाग नाही. भट्टीतून उकळून काढलेली पानं शेडमागे टाकतात, त्या गरम ढिगावर झोपतो. सुओंगने नावही ठेवलं, लू. संत्र्याची बाटली पळवली त्याने. आनंदाची बाटली! वर माझ्यावरच भुंकला. त्याचा आवाज माझ्यापेक्षा मोठा आहे, त्याला कोण फुली मारतंय?

मी दगड उचलला तर आईने हात धरला. आपणहून दारी आलेला कुत्रा भरभराट घेऊन येतो म्हणे. मांजर कंगाल करतं म्हणे, ते असतं तर तिनेच हाकललं असतं.

मी त्याच्याशी जे बोललो त्याची फुली नाही पडली. सुओंग म्हणाली, "कुत्र्यावरचं धरत नाही. बिचाऱ्याला कळत नाही, तुझ्यासारखंच."

१९ जानेवारी

सकाळी आईने दुकानात बसवलं. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे दा नांगच्या गाडीतून उतरलेली एक बाई, कडेवर तान्हं मूल. म्हणाली, "भाऊ, बाळाच्या अंघोळीला त्रामचं तेल द्या."

मी तिचं भलं बघितलं. म्हटलं, त्राम जुनं झालं, बाळाला लॅव्हेंडर लावा, मोठेपणी चिडणार नाही. ती म्हणाली, "सासूबाई मला उभी चिरतील." मी म्हटलं, सासूबाईंनाही लावा. मग तिला उरलेल्या अकराही बाटल्या हुंगवल्या. शेवटच्या बाटलीला ती शिंकली, मूल रडायला लागलं, आणि ती काही न घेता गाडीत बसली.

पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं. आईने जुना पेपर पेटवला आणि अवदसा घालवायला दुकानाच्या पायरीवरून फिरवला. इथपर्यंत ठीक. हे कुठलाही दुकानदार करतो. पण मग तिने तो माझ्या खुर्चीभोवतीही फिरवला! दोनदा!

फुली दोन. पलीकडच्या दुकानातल्या आजीने हात वर करून दोन बोटं दाखवली. म्हणजे आख्ख्या हायवेला माहीत आहे.

२० जानेवारी

मन:स्पष्टतेचा पहिला खरा फायदा. पहाटे रोजमेरी हुंगली आणि लक्षात आलं : कॅलेंडरचं पान रोज फाडायचंच असतं. फुलीवालीही पानं फाडूनच जातात. गेलेल्या दिवसाचं ओझं निसर्ग वाहत नाही, मग मी का वाहू? मी कालपर्यंतच्या कचऱ्याच्या टोपलीत पाहिलं. पानं नव्हती.

सुओंग ती दोन्ही पानं बिस्किटांच्या डब्यात ठेवते. डब्याला कुलूप आहे.

२५ जानेवारी

चार दिवस नोंद नाही. मेणबत्त्या आणायला जवळच्या लांग कोला गेलो. तिथे माझा मित्र दिन्ह भेटला, त्याचा कराओकेचा स्पीकर बिघडलेला, तो उघडला. उघडल्यावर माकुळ पकडायची बोट निघत होती, तिच्यावर चढलो. स्पीकर तसाच आहे.

समुद्रावर चार दिवस मी एकदाही ओरडलो नाही. पहिले दोन दिवस उलट्या करत होतो, पण शांतपणे. बोटीवरच्या म्हाताऱ्याने छातीला त्रामचं तेल चोळलं. मी विरोध केला नाही, कारण विरोध करायला उठता येत नव्हतं.

घरी येऊन म्हटलं, चार दिवस शुद्ध, एक फुली कमी करा. सुओंग म्हणाली, "मेणबत्त्या कुठायत?"

३० जानेवारी

आज जे झालं ते नीट, रागावर ताबा ठेवून लिहितो.

तेतच्या आधीची भट्टी वर्षातली सगळ्यात मोठी. गावाकडे परतणारे सगळे आमच्या दारात थांबतात. बाबा पहाटे पानं भरून गुडघ्याला शेक घ्यायला गेले आणि म्हणाले, "आगीवर लक्ष ठेव. दुसरं काही करू नकोस."

आता, बुद्धी लख्ख असलेल्या माणसाला दुसरं काही सुचतंच. मी झाकण उघडून पानांत दोन टोपल्या संत्र्याच्या साली, गवती चहाच्या जुड्या आणि माझी लॅव्हेंडरची अख्खी बाटली ओतली. अख्खी! माझा त्याग कुणी बघितला नाही. नळीतून तेल आलं ते नव्या युगाचं होतं. शांत, गोड, आणि मागे थोडंसं जळलेलं, कारण विचारात मी आग जास्त लावली होती.

बाबांनी बोटावर थेंब घेतला. हुंगला. परत हुंगला.

मी माझ्या बाबांना आयुष्यात ओरडताना ऐकलं नव्हतं. आज ऐकलं. शेडवरचे पत्रे वाजले. कोंबड्या झाडावर चढल्या. आई चप्पल न घालता धावत आली. मी अतिशय शांतपणे एवढंच म्हटलं, "बाबांना थोडं लॅव्हेंडर द्या कुणीतरी. अरे हो, ते संपलं."

ओरडले बाबा. फुली मला. तीन.

सुओंग म्हणते, "कारणीभूत होणाऱ्यालाही पडते." हा नियम दहा जानेवारीला नव्हता. मी वही दाखवू शकतो. दाखवणार नाही, वाचतील.

आई म्हणाली, एवढं तेल दुकानात ठेवता येणार नाही, फरशी पुसू. पानांचा ढीग शेडमागे गेला. लू त्याच्यावर लोळला आणि संध्याकाळपर्यंत उठलाच नाही. मेला असं वाटलं. नुसता झोपला होता.

२ फेब्रुवारी

आज चुलीचे देव स्वर्गात जातात, घराचा वर्षभराचा अहवाल घेऊन. म्हणजे तिकडेही चुगली. आईने नैवेद्य मांडला. सुओंग हात जोडून मोठ्याने म्हणाली, "बिस्किटांचा डबा इकडे आहे हो देवा, लागला तर." मी जीभ चावली, खरोखरची, रक्त आलं. देवांपुढे हळूच माझ्या भट्टीतल्या तेलाचे चार थेंब टाकले. अहवाल तरी सुवासिक जावा.

दुपारी खाम काका आले. बाबांचे थोरले भाऊ. पोस्टात छत्तीस वर्षं, एकदाही आवाज चढवला नाही, हे ते स्वतःच सांगतात, हळू आवाजात. तासभर बसले. झोप लागत नाही म्हणाले. अकरा वर्षं रात्री तीनला जाग येते, मग छत बघत पडून राहायचं. म्हणूनच सहाच्या ठोक्याला येतात तर! त्यात कसला आलाय पुण्यवान स्वभाव?

मी मोठ्या मनाने त्यांना फरशीच्या तेलाची एक बाटली दिली. म्हटलं, काका, उशीला लावा. काका म्हणाले, "तूही लाव बाळा, जिभेला." सगळे हसले. मीही हसलो. तीनच आहेत. तीनच राहणार.

६ फेब्रुवारी

सात दिवस. एक फुली नाही. राग आला की मी शेडमागे जातो आणि उशीत ओरडतो. लू शेजारी बसून बघत असतो. तोही हल्ली भुंकत नाही. सकाळी दूधवाला अंगावरून गेला तरी नुसती शेपटी हलवली. मूर्ख झालाय.

आज आईने बाजारातून पांढरा शर्ट आणला. इस्त्री करून खुंटीला लावला. कुणाचा म्हणून विचारलं तर म्हणाली, "बघू." माप बघितलं. बाबांना तो होणार नाही.

मला काही फरक पडत नाही. पण तीन वेळा जाऊन बघून आलो.

पहिलं पाऊल टाकताना काय बोलायचं ते रचतोय. "घरात सुख नांदो, भट्टी भरून वाहो, सुओंगला…" सुओंगचं काय ते ठरत नाही. नवरा नको म्हणते. डब्याला मोठं कुलूप मिळो, असं म्हणीन.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ, शेडमधून

कळलं!

काकूच बोलून गेली. तांदूळ उसने घ्यायला आली आणि म्हणाली, "ह्यांनी उद्यासाठी बूट पॉलिश केलेत हो, तुम्ही वीस तारखेलाच सांगून ठेवलं म्हणून बरं." वीस! जानेवारी! मी दोन फुल्यांवर होतो तेव्हा! तीस दिवस मी नाकात पुदिना घालतोय, जीभ चावतोय, उशीत ओरडतोय, आणि आईने दहाव्या दिवशीच काकांना सांगून ठेवलंय!

होय, ओरडलो. मन भरून ओरडलो. शेजारचा कराओके बंद पडला. सुओंगने पेनसुद्धा उचललं नाही. मी म्हटलं, उद्याच काय, ह्या घरात परत कधीच पाऊल टाकणार नाही. आई चिकट भाताचे रोल केळीच्या पानांत बांधत होती. तिने दोरा सोडला नाही, मान वर केली नाही.

मग सुओंग शेडमध्ये आली. म्हणाली, "काकांना नुसतं तयार राहा म्हटलं होतं. तुझी चौथी पडली तर म्हणून. शर्ट कुणाचा वाटला तुला? गाढवा."

असेल. पण माझ्यावर विश्वास नव्हता हे तर खरं ना? त्यांनी माफी मागितली तर विचार करीन. तोवर इथेच. सकाळच्या बसने सायगाव. तेतला बस नसते, हे मला माहीत आहे. कुणी सांगायची गरज नाही.

१० फेब्रुवारी, वर्षाचा पहिला दिवस

६:४०. पानांच्या ढिगावर झोपलो. रात्री झिमझिम होती, पण ढीग खालून गरम. लू पायांवर झोपला होता, मी हाकलला नाही. उठायचा कंटाळा. घराचं दार सताड उघडं. आई लांब झग्यात, केस बांधून, दारात उभी. मला बघताच ओरडली, "तिथेच थांब! एक पाऊल पुढे टाकू नकोस!" मी येतच नव्हतो. फुली कोण मारणार तिला?

७:३०. खाम काका नाहीत. सुओंगने दारातूनच कुंपणावरून भाताचा रोल फेकला. डोक्याला लागला. नवीन वर्षाच्या शुभेच्छा.

८:१०. काका नाहीत. फोन वाजतो, कुणी घेत नाही. बोलवायला जाणार कोण? घरातून जो बाहेर जाईल, तोच परत येताना पहिलं पाऊल ठरेल. बाबा लंगडे, सुओंगचं लग्न मोडलेलं, दोघंही अपशकुनी. बाहेर फक्त मी. आईने दारातून विचारलं, "बघून येतोस का रे?" माझ्या जागेवर बसणाऱ्याला मीच बोलावून आणायचं! गेलो. त्या "रे"मुळे गेलो.

८:४५. काका झोपलेत. मी खिडकीतून पाहिलं. पॉलिश केलेले बूट पलंगाखाली, उशीशी माझी बाटली, तोंड उघडं. काकू दारात आडवी उभी. म्हणाली, "अकरा वर्षांनी झोपलेत. ह्यांना उठवणाऱ्याचे मी हात मोडीन, तेत असो की काही असो."

मी एक हाक मारली असती तर काका उठले असते. माझा आवाज आख्खा हायवे ओळखतो. मारली नाही. का, ते माहीत नाही. म्हटलं, झोपू दे काकू, आणि निघालो.

८:५५. फाटकाबाहेरून आईला सांगितलं. हळू आवाजात. ती आत गेली, खुंटीवरचा पांढरा शर्ट आणला आणि दारातूनच फाटकावरून माझ्याकडे फेकला.

"तोंड धू," म्हणाली. "आणि केसांतली पानं काढ. सावकाश ये. बोलायचं ते आठवतंय ना?"

९:०५. शर्ट घातला. अगदी मापात. नळावर तोंड धुतलं. लॅव्हेंडर नाही, म्हणून शेडमधल्या बाबांच्या कपाटातलं त्रामचं तेल मनगटांना लावलं. चालतं. वाईट वास नाही तसा. फाटक उघडलंय. दार समोर, सात पावलांवर. आई, बाबा, सुओंग आत ओळीने उभे. टेबलावर उकडलेली कोंबडी. राग नाही. खरंच नाही. गंमत आहे.

हा क्षण लिहून ठेवायलाच हवा. ऑक्टोबरपासून टाळत आलो, आज टाळणार नाही. दोन ओळी लिहून लगेच जातो. म्हणजे पुढे कुणी म्हटलं की विन्हला शांत राहता येत नाही, तर ही वही

९:०८. आत काहीतरी झालं. आई मोठ्याने "या, या!" म्हणतेय. बाबा टाळ्या वाजवतायत. मी तर फाटकातच आहे.

९:०९. लू. माझ्या पायांमधून गेला. उंबरा ओलांडून, माझ्या भट्टीच्या वासाने घमघमत, घराच्या मधोमध जाऊन बसलाय. सुओंग हसून हसून खाली बसली. आईने कोंबडीची तंगडी तोडून त्याच्यापुढे ठेवली आणि त्याच्या अर्ध्या कानावरून हात फिरवतेय. बाबांना म्हणतेय, "आता वर्षभराची चिंता नाही बघा. आणि किती शांत आहे गुणी बाळ. आल्यापासून एकदाही भुंकला नाही."